आजोबांची पंगत

भाद्रपदातील दशलक्षण पर्व संपते, क्षमावाणीच्या दिवशी लहानथोर हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात, आणि बहुधा त्याच सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील शेकडो शाळांत एका वृद्धाच्या प्रतिमेला हार घातला जातो. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अंगावर जाडीभरडी खादी आणि चेहऱ्यावर कुणब्याचा रापलेपणा. २२ सप्टेंबर हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्मदिन. सकाळी मुलांची फेरी निघते, भाषणे होतात, आणि दुपारी घरी परतलेला नातू आजोबांना विचारतो, "तुम्ही त्यांना पाहिलं होतं का?"

हा प्रश्न ज्यांना विचारावा अशी माणसे आता थोडी उरली आहेत. अण्णांचे निधन १९५९ साली झाले. त्यांच्या वसतिगृहात दहा-पंधरा वर्षांचे असताना राहिलेले विद्यार्थी आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. ते स्वतःच आता आजोबा आहेत, पणजोबा आहेत. तरीही अण्णांचा विषय निघाला की अशा वृद्धांच्या बोलण्यात एखादे पोरके मूल आपल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसा ओलावा येतो. शिक्षणसंस्थेच्या संस्थापकाविषयी कोणी असे बोलत नाही. असे बोलले जाते ते घरातील माणसाविषयी.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन शेतकरी कुटुंबांत 'अण्णा' ही हाक घरातील कर्त्या पुरुषाची. मुले वडिलांना अण्णा म्हणतात, आणि ते ऐकत वाढलेली नातवंडेही पुष्कळदा आजोबांना अण्णाच म्हणू लागतात. भाऊरावांना हे नाव कोणी समारंभपूर्वक दिले नाही. ज्यांना घर नव्हते, किंवा घर होते पण घरात दिवा लावण्याची ऐपत नव्हती, अशा मुलांनी त्यांना तशी हाक मारली आणि ती जन्मभर टिकली. म्हणूनच त्यांचे स्मरण करताना संस्थांची यादी वाचून भागत नाही. एवढे मोठे घर त्यांनी कसे उभे केले आणि त्या घराने त्यांच्याकडून व त्यांच्या माणसांकडून काय घेतले, हे पाहावे लागते.

कुंभोजचा मुलगा

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात कुंभोज हे गाव आहे. जवळच बाहुबलीचा डोंगर. जैन यात्रेकरूंच्या परिचयाचे क्षेत्र. या कुंभोजला, आजोळी, १८८७ साली भाऊरावांचा जन्म झाला. वडील पायगौंडा, आई गंगाबाई. घराणे सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचे, चतुर्थ जैन शेतकऱ्यांचे. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदल्या होत आणि मुलाचे शिक्षणही गावोगाव फिरत चालले.

अभ्यासात हा मुलगा फारसा चमकला नाही. अंगापिंडाने मात्र दांडगा. कुस्तीचा शौक आणि अन्याय दिसला की उसळणारा स्वभाव. तहानलेल्या अस्पृश्यांना पाणी मिळत नाही, हे पाहून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिगत त्याच्या बालपणाविषयी आजही सांगितली जाते. पुढच्या आयुष्याचा बीजांकुर या हकिगतीत आहे. दुसऱ्याची तहान पाहून व्याख्यान देण्याचा त्याचा पिंड नव्हता. हात लगेच कामाला लागे, मग ते काम मोडण्याचे असो वा बांधण्याचे.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. या वसतिगृहाचे मोल आज नीट समजून घेतले पाहिजे. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. नांगर धरणाऱ्या जैन शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे, ही त्या पिढीच्या पुढाऱ्यांची तळमळ होती. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच त्याची शाळा टिकते, हे त्यांनी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली, ती याच जाणिवेतून. वसतिगृह म्हणजे शिक्षणाचा पाया, हा धडा भाऊराव इथे शिकले. आणि त्या पायाला कुठे कुंपण पडते, हेही त्यांनी इथेच पाहिले.

उंबऱ्याबाहेर

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 'मिस क्लार्क' वसतिगृह सुरू झाले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिलेले होते. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत येताच त्यांच्यापुढे अट ठेवण्यात आली. अस्पृश्यांत मिसळून आला आहात, तेव्हा स्नान करून शुद्ध व्हा आणि मगच आत या.

अंघोळीला किती वेळ लागतो? चार तांबे पाणी अंगावर घेतले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. वसतिगृहातील जागा राहिली असती, जेवण राहिले असते, शिक्षण सुरू राहिले असते. वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाने ते चार तांबे पाणी घेतले नाही. माणसाला भेटून आल्याने आपण अशुद्ध झालो, हे त्याला मान्य नव्हते. जे मान्य नाही ते केवळ सोयीसाठी करून टाकायचे, हेही त्याच्या स्वभावात नव्हते. त्याला वसतिगृह सोडावे लागले.

ज्या घराने वाढवले, त्या घराच्या पंगतीतून तो उठला. समाजाच्या इतिहासातील हे पान अवघडल्यासारखे करणारे आहे, आणि म्हणूनच जयंतीच्या भाषणांत ते पुष्कळदा घाईने उलटले जाते. परंतु ते वगळले तर भाऊरावांचे पुढचे आयुष्य समजतच नाही. पुढे जन्मभर त्यांनी जी पंगत मांडली, ती या उठवल्या गेलेल्या पानाचे उत्तर होती. त्यात राग थोडा होता आणि विचार पुष्कळ होता.

शाहू महाराजांच्या सहवासात त्यांचे काही दिवस गेले. शाळा मात्र पूर्ण झाली नाही. गणितात त्यांना वर चढवावे, असा शब्द महाराजांनी टाकला असता त्यांच्या शिक्षकांनी, भाऊराव बसतो त्या बाकाला एक वेळ पुढच्या वर्गात पाठवीन, पण त्याला नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहावीपलीकडे त्यांचे शिक्षण गेले नाही.

साक्ष

जैन वसतिगृहाच्या त्या काळातील चालकांत अण्णासाहेब लठ्ठे हे प्रमुख होते. एम. ए. झालेला विद्वान, जैन सभेचा आधारस्तंभ, पुढे शाहू महाराजांचा चरित्रकार, कोल्हापूर संस्थानचा दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचा अर्थमंत्री, असा हा मोठा माणूस. भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले ते लठ्ठ्यांच्याच शिस्तीखाली.

पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला. पुरावा हवा होता, आणि लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना हिशेब चुकता करण्याची संधी चालून आली होती. त्यासाठी शस्त्र उचलायचे नव्हते. चार वाक्ये बोलायची होती, आणि ती खोटी असली तरी ती ऐकण्यास उत्सुक असलेले लोक समोर बसलेले होते.

भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्याचा परिणाम म्हणून त्यांना स्वतःला कोठडी भोगावी लागली. तिथला छळ इतका दुःसह होता की तो त्यांच्या जिवावर बेतला. तरीही ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

क्षमावाणीच्या दिवशी उत्तम क्षमेचा उच्चार घरोघरी होतो. क्षमा म्हणजे मनातून राग काढून टाकणे, असे मुलांना सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण राग मनातून गेला की नाही हे कसे ओळखावे? ज्याने आपल्याला दारातून परत पाठवले, त्याच्या संकटाच्या वेळी आपण कोणाच्या बाजूला उभे राहतो, यावरून ते ओळखावे. अण्णांनी क्षमेवर प्रवचन दिल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनी क्षमेपायी तुरुंग सोसला. नातवाला क्षमावाणीचा अर्थ सांगू पाहणाऱ्या आजोबांना याहून चांगली गोष्ट शोधूनही सापडणार नाही.

नांगर विकणारा माणूस

तुरुंगातून सुटल्यावर पोटासाठी काही करणे भाग होते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम त्यांनी पत्करले. पाय मजबूत, बोलणे रांगडे, शेतकऱ्याची भाषा जन्मजात. विक्रीसाठी ते खेड्यामागून खेडी पालथी घालीत हिंडले.

नांगर विकता विकता त्यांना खेडी दिसली. जमीन आहे पण सावकाराचा कागद वाचता येत नाही, अंगठा उठवला की शेत जाते, मूल हुशार आहे पण पाचव्या-सहाव्या वर्षीच गुरांमागे जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाईल. पण त्या जमिनीवरील माणूस निरक्षर राहिला तर पीक दुसऱ्याच्याच घरात जाणार, हे त्यांच्या लक्षात आले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांची शिदोरी बरोबर होतीच. दुधगावला १९१० च्या सुमारास मित्रांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम काढण्याचा एक प्रयत्न त्यांनी केलेला होता. आता त्या प्रयत्नाला आयुष्य द्यायचे ठरले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी 'रयत शिक्षण संस्था' स्थापन झाली. 'रयत' या शब्दाची निवड अर्थपूर्ण होती. त्यात कोणत्याही जातीचे, पंथाचे नाव नव्हते. जो राबतो तो रयत, आणि त्याचे मूल ते संस्थेचे मूल. १९२४ मध्ये संस्थेचा मुक्काम साताऱ्यास हलला आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

वहिनींचे मंगळसूत्र

अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, प्रतिष्ठित पाटील घराण्यातील. लग्नात अंगभर दागिने घेऊन आलेल्या. ज्या वातावरणात त्या वाढल्या, तिथे सोवळेओवळे हा दैनंदिन जीवनाचाच भाग होता. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या सावलीपासून दूर राहायचे, हे त्या काळच्या मुलीला अक्षरांच्या आधी शिकवले जाई.

अशा बाईच्या घरात एके दिवशी नवरा महार, मांग, रामोशी, मराठा, मुसलमान अशी नाना जातींची मुले आणून सोडतो आणि सांगतो की ही आपली मुले. अण्णांनी जुनी चौकट मोडली हे खरे. पण ते बहुतेक वेळ दौऱ्यावर असत. त्या मोडलेल्या चौकटीत रोज सकाळी चूल पेटवायची होती ती लक्ष्मीबाईंना. नवऱ्याचे तत्त्वज्ञान त्यांना एका दिवसात पटले असेल असे मानण्याचे कारण नाही. मुले आजारी पडत, रात्री घराच्या आठवणीने रडत, कोणाला खरूज होई, कोणाला ताप येई. अशा मुलांच्या डोक्यावर हात ठेवता ठेवता सोवळे आपोआप गळून पडले असावे. मुलांच्या त्या आई झाल्या.

संस्थेचा खर्च वाढत गेला तसे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्र तेवढे उरले. एकदा अण्णा गावाला गेलेले असताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार अशी वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आणवले. मुलांचे जेवण चुकले नाही. ही हकिगत रयतेच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे दर वेळी पाणावतात. त्या काळी सौभाग्यवतीने जिवंत नवऱ्याच्या मागे मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आजच्या मुलींना समजावून सांगावे लागेल. लोकनिंदा तर होतीच, पण स्वतःच्या मनातील भीतीही ओलांडायची होती.

१९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्था तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. पुढचे वैभव त्यांनी पाहिले नाही. समाजकार्यात बुडालेल्या आजोबांच्या कथा प्रत्येक कुटुंबात अभिमानाने सांगितल्या जातात. त्या कथांच्या आतल्या बाजूला अशी एखादी आजी असते. तिचे नाव देणगीच्या फलकावर नसते. पण जे दिले गेले त्यातील पहिला भाग तिच्या अंगावरून उतरलेला असतो. अण्णांचे स्मरण लक्ष्मीबाईंना वगळून केले तर ते अर्धेच राहील.

एकच पंगत

शाहू बोर्डिंगमधील दिवस पहाटे सुरू होई. दळण, स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, शेतातील काम हे सर्व मुलेच पाळीपाळीने करीत. कामाची वाटणी जातीवरून होत नसे. पिढीजात ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांनी वाढलेले अन्न इतरांनी खायचे, आणि ज्यांनी कधी केरसुणी हातात धरली नव्हती त्यांनी अंगण झाडायचे. समतेचा पाठ देणारे वेगळे पुस्तक तिथे नव्हते. जेवणाची पंगत हेच ते पुस्तक होते आणि ते दिवसातून दोनदा वाचले जाई.

ही पंगत चालवण्यासाठी अण्णा दारोदार हिंडले. गावातील बायांनी दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, ही मुष्टिफंडाची कल्पना त्यांनी रुजवली. या मुठीत मोठे शहाणपण होते. श्रीमंताच्या एका थैलीवर चाललेली संस्था त्या श्रीमंताची होते. हजार घरांच्या मुठीवर चाललेली संस्था हजार घरांची होते. ज्या बाईने आपल्या जात्याजवळून मूठभर ज्वारी दिली, तिला त्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाविषयी आपलेपणा वाटू लागला. तो मुलगा कोणत्या जातीचा आहे, हे तिच्या मुठीने विचारले नाही.

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पाठशाळेतील मुलांना ते तोंडपाठ असतात. अण्णांच्या वसतिगृहाकडे पाहिले की हे चारही एकाच छपराखाली नांदताना दिसतात. भुकेल्याला जेवण होते, आजारी मुलाची शुश्रूषा होती, विद्या तर होतीच. आणि चौथे, सर्वांत कठीण असे अभय होते. गावच्या शाळेत दाराबाहेर बसलेल्या मुलाला, इथून तुला कोणी उठवणार नाही, एवढा विश्वास मिळणे हे अभयदानच होय. उंबऱ्याबाहेर राहण्याचे दुःख ज्याला स्वतः ठाऊक होते, त्यालाच त्या दानाची किंमत कळली.

घाम आणि विद्या

पुढची वर्षे वाढीची होती. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग हाउस निघाले. खेड्यांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. जिथे शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा उघडल्या गेल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, असा हा प्रवास आहे.

शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही योजना रुजली. गरीब विद्यार्थ्याने कोणापुढे हात पसरू नये, त्याने कामाचे तास भरावेत आणि त्या कष्टांवर शिकावे, असा तिचा गाभा. पुस्तके बाजूला ठेवून मुलांनी माळ फोडला, दगड वाहिले, पिके काढली. अण्णांना फुकटेपणा मान्य नव्हता, मग तो गरिबाचा असो वा श्रीमंताचा. दया घेणारा माणूस वाकतो आणि कमावून शिकणारा ताठ उभा राहतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद झाले ते यामुळेच.

वाट सरळ मात्र नव्हती. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, अण्णांच्या परखड बोलण्यामुळे सरकारी अनुदान बंद झाले आणि शेकडो शाळा अडचणीत आल्या. त्या वेळी गाडगेबाबा मदतीला धावले आणि त्यांनी सरकारदरबारी शब्द टाकून अनुदान पुन्हा सुरू करवले. एक खराटा घेऊन गावे झाडणारा, दुसरा दारोदार धान्य मागणारा. दोघेही औपचारिक शिक्षणात मागे आणि दोघांनीही आयुष्यभर लोकांना सांगितले की पोरांना शिकवा. कऱ्हाडच्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव आहे, त्यामागे हे ऋण आहे.

अण्णांनी वाढवलेल्या मुलांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेला जाऊन शिकून आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिवाजी कॉलेजात अध्यापन केलेले प्रा. एन. डी. पाटील पुढे संस्थेचे चेअरमन झाले. अशी मोठी नावे पुष्कळ घेता येतील. तथापि अण्णांची खरी कमाई ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत अशांत आहे. घराण्यात पहिल्यांदा अक्षर गिरवणारा तलाठी, गावची पहिली शिक्षिका, अंगठ्याऐवजी सही करून सावकाराचा कागद परत फिरवणारा शेतकरी, अशा असंख्य माणसांनी मिळून महाराष्ट्राचा ग्रामीण चेहरा बदलला.

१९५९ मध्ये भारत सरकारने अण्णांना 'पद्मभूषण' दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ज्याच्याआधी बाक वरच्या वर्गात जाईल असे म्हटले गेले, त्याच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. ९ मे १९५९ रोजी त्यांनी देह ठेवला. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत, आणि तिच्या बोधचिन्हावरील वड पारंब्यांनिशी पसरतच आहे.

आजोबा कसे आठवावेत

समाजातील थोर पुरुषांची आठवण ठेवण्याची एक सोपी रीत असते. ते आपल्या समाजाचे होते, असे म्हणायचे, प्रतिमा लावायची आणि अभिमान बाळगायचा. अण्णा जन्माने जैन होते, जैन वसतिगृहात राहिले होते, कुंभोजच्या मातीतले होते, हे सर्व सत्य आहे आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या दिवशी त्यांनी माणसाला शिवून आल्याबद्दल अंघोळ करण्याचे नाकारले, त्या दिवशी त्यांनी 'आपला' या शब्दाचा अर्थ मोठा केला. त्यांना आपले म्हणायचे तर तो मोठा झालेला अर्थही घ्यावा लागतो.

आज समाजाची वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, भोजनशाळा आहेत. देणारे हात पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. तिथे शिकणाऱ्या मुलांत स्वयंपाकिणीचा मुलगा आहे का, राखणदाराची मुलगी आहे का, हा प्रश्न अण्णांनी विचारला असता. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचे मूल ज्या शेताच्या बांधावर झोपते, त्या शेताच्या मालकाच्या घरी अण्णांची तसबीर आहे का, हेही त्यांनी पाहिले असते. तसबीर असेल तर ते त्या मुलाला उचलून शाळेत घालण्याचे निमंत्रण आहे, असेच त्यांनी मानले असते.

घरातील वृद्धांनी नातवंडांना सांगण्यासारखे यात बरेच काही आहे, आणि त्याला व्यासपीठ लागत नाही. संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी घरातील पाने मांडली जातात तेवढा वेळ पुरेसा आहे. चार तांबे पाणी न घेणाऱ्या मुलाची गोष्ट सांगावी, खोटी साक्ष न देणाऱ्या तरुणाची सांगावी, धान्य आणण्यासाठी मंगळसूत्र काढून देणाऱ्या बाईची सांगावी. मुलांना गोष्टी लक्षात राहतात. मोठेपणी कधीतरी त्यांच्याही आयुष्यात चार तांबे पाण्याची वेळ येते, तेव्हा काय करायचे हे मग त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

आणि गोष्ट संपल्यावर नातवाने विचारले की, त्या पंगतीत आपणही बसू शकलो असतो का, तर आजोबांनी खरे उत्तर द्यावे. बसायला कोणालाच मनाई नव्हती. फक्त जेवण झाल्यावर उठायचे, आपले ताट आपण घासायचे, आणि पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहायचे, एवढाच तिथला नियम होता.